वऱ्हाड बरोबर की चूक?

(बी. ए. तृतीय वर्ष, मराठी वाङ्मय)

‘‘कला शाखेच्या पोट्ट्याले कायले पायजे बे हे?’’

गेल्या दिवाळीत अकोल्याला घरी गेलो असताना माझ्या मांडीवरच्या जुनाट लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे पाहून मामांनी विचारलेला हा प्रश्न. मी तो हसण्यावारी नेला. पण सुटी संपवून अमरावतीला परतलो तर तोच प्रश्न एका प्राध्यापकांनी शुद्ध मराठीत विचारला, आणि मित्रांनी तो कॅन्टीनमध्ये थट्टेने विचारला. तेव्हा वाटले की याचे उत्तर आता लिहूनच द्यावे. आपल्या वार्षिकांकात कविता पुष्कळ येतात, चिखलदऱ्याच्या सहलीचे वर्णन तर बहुधा दरवर्षीच येते. एखाद्या वर्षी संगणकाच्या एका लहानशा प्रोग्रामवर चार पाने खर्ची पडली तर वाचकांनी राग मानू नये.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. प्रोग्राम लिहायला शिकणे हे गणितासारखे आहे. पुस्तक वाचून ते येत नाही, उदाहरणे सोडवावी लागतात. अशी उदाहरणे देणारी स्थळे इंटरनेटवर आहेत. लीटकोड आहे, हॅकररँक आहे, कोडफोर्सेस आहे. मुंबईच्या डायरेक्टी या कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेले कोडशेफ आहे. तिथे प्रश्न वाचायचा, त्याचे उत्तर म्हणून प्रोग्राम लिहायचा आणि पाठवून द्यायचा. कुठल्या तरी दूरच्या शहरातले यंत्र तो प्रोग्राम चालवून पाहते आणि निकाल देते : बरोबर, चूक, किंवा वेळ संपली. या यंत्राला ती मंडळी ‘जज’ म्हणतात. म्हणजे न्यायाधीशच! आणि न्यायाधीश म्हटल्यावर त्याच्या निकालाचे कारण विचारण्याची सोय बहुतेक वेळा नसते, हेही आलेच.

अभियांत्रिकीच्या मुलांना नोकरीच्या परीक्षेसाठी ही उदाहरणे सोडवावीच लागतात. मला तशी सक्ती नव्हती. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घेण्याची मोकळीक दिली. मी संगणकाचा घेतला, आणि खरे सांगायचे तर हौसेनेच घेतला. पण ज्या खोलीत मी राहतो तिथे नेट संध्याकाळी हमखास रुसते. महिन्यातून दोनदा अकोल्याला एसटीने जाणे-येणे होते, त्या दोन-अडीच तासांतही तोच अनुभव. रस्ता आता सुरेख झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर, लोणी ते माना या भागात, एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे मात्र माझ्या मोबाइलवर मधूनच रेंज नाहीशी होते, आणि सोडवायला घेतलेला प्रश्न तिथेच गोल गोल फिरत राहतो. अशाच एका प्रवासात मनात आले की हा न्यायाधीश आपल्याच पिशवीत का असू नये?

म्हणून मी ‘तालीम’ लिहिली. पायथॉन भाषेत दीडशेच्या आत ओळी आहेत. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. ‘तालीम दे’ म्हटले की ती एक प्रश्न देते. ‘तालीम तपास’ म्हटले की उत्तर तपासते. ‘तालीम हिशेब’ म्हटले की कोणत्या दिवशी किती प्रश्न केले आणि किती चुकले ते दाखवते. नाव कुठून सुचले हे अमरावतीकरांना सांगायला नको. ज्या गावात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले, त्या गावात रोजच्या सरावाच्या जागेला दुसरे नाव कोणते द्यायचे?

आतली रचना अगदी साधी आहे. प्रत्येक प्रश्नाचे एक फोल्डर, त्यात तीन फाइली. एकीत प्रश्न, दुसरीत प्रोग्रामला द्यायचे आदान, तिसरीत अपेक्षित उत्तर. तालीम तुमचा प्रोग्राम वेगळा चालू करते, त्याला आदान देते आणि दोन सेकंद वाट पाहते. तेवढ्यात तो आटोपला नाही, म्हणजे कुठल्या तरी चक्रात अडकून गरगरत राहिला, तर त्याला बंद करते. आटोपला तर त्याने छापलेल्या ओळी आणि अपेक्षित ओळी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहते. यात माझे कर्तृत्व काही नाही. दोन फाइलींतला फरक दाखवणारा ‘डिफ’ नावाचा प्रोग्राम बेल लॅबोरेटरीत डग्लस मॅक्इलरॉय यांनी केला, तो १९७४ पासून युनिक्समध्ये आहे. माझी तालीम म्हणजे त्याचेच एक गावठी नातवंड. चुकलेला प्रश्न ती दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर आणते; बरोबर आलेला तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. एवढेच.

खरी मौज आली ती प्रश्न गोळा करताना. इंटरनेटवरचे प्रश्न डॉलर आणि सेंटचे, बुद्धिबळातल्या वजिरांचे, चक्रव्यूहात सापडलेल्या उंदरांचे असतात. ते वाईट आहेत असे नव्हे, पण मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्याच्या घरात प्रश्नांचा जो साठा पडून आहे त्याची त्यांना गंधवार्ता नाही. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आपण सगळ्यांनी वृत्तांसाठी पाठ केलेले आहे. कोणत्याही गणाच्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरे घेतली की त्या गणाचे लघुगुरू हाती येतात : यमाता म्हणजे लघु-गुरू-गुरू, मातारा म्हणजे तिन्ही गुरू. पण लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणून हे सूत्र लिहून पाहा : ०१११०१०००१. तीन-तीन आकड्यांच्या शक्य तेवढ्या आठही जुळण्या या दहा आकड्यांत एकदा आणि एकदाच येतात. गणितात अशा मांडणीला डी ब्रुइन क्रम म्हणतात. आपण परीक्षेपुरते घोकले आणि विसरलो; ही मांडणी मात्र गणितज्ञ अजून चवीने सांगतात.

मग दुसरा प्रश्न आपोआप सुचला : ओळ दिली असता ती भुजंगप्रयातात आहे की नाही ते सांगा. चार यगण, बारा अक्षरे. तिसरा कटपयादीचा, म्हणजे अक्षरांवरून आकडे काढण्याच्या जुन्या रीतीचा. चौथा सकळ लिपीचा. महानुभावांनी आपले ग्रंथ ज्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले त्यांत ही मुख्य. एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे चिन्ह, असा तिचा खाक्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्या पिढीतल्या संशोधकांना तिची किल्ली मिळेपर्यंत केवढे तरी मराठी वाङ्मय बाहेरच्या वाचकाला बंद होते. अक्षरामागे अक्षर बदलण्याचा हा प्रश्न प्रोग्रामिंगच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात आणि तिथे उदाहरण म्हणून रोमच्या सीझरचे नाव सांगतात. आपल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर कोणी सांगत नाही.

पाचवा प्रश्न उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या वाक्यांचा. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’. इंग्रजीत हा प्रश्न दोन ओळींत सुटतो. मराठीत ‘अमरावती’ हा शब्द पायथॉनला उलटा करायला सांगितला तर तो शेवटची वेलांटी सुटी काढून सर्वांच्या आधी टांगतो आणि पुढे ‘तवारमअ’ असे काहीतरी छापतो. कारण त्याच्या लेखी वेलांटी हा अक्षराचा भाग नाही, ती स्वतंत्र खूण आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते त्याच्याकडे दोन, तीन, कधी चार खुणांचे असते. अक्षर म्हणजे काय, हे आधी त्याला शिकवावे लागते. आणि ते शिकवताना स्वतःला नीट कळलेले असावे लागते! माझे तर दोन दिवस यातच गेले.

असे पस्तीस-चाळीस प्रश्न झाल्यावर मला थोडा ताठा चढला, हे कबूल करतो. वर्गातल्या सहा-सात जणांना मी तालीम दिली. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांनी मोबाइलवर टर्मक्स नावाचे ॲप घेतले. त्यात पायथॉन चालते आणि एकदा सगळे उतरवून घेतले की नेट लागत नाही. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून रोज जाणे-येणे करणारी माझी एक वर्गभगिनी त्यांच्यात होती. तिने याआधी कधी प्रोग्राम पाहिलाही नव्हता. पहिले चार प्रश्न तिने आमच्यापैकी सगळ्यांच्या आधी सोडवले.

पाचवा प्रश्न मीच मोठ्या प्रेमाने रचलेला होता. आदानात एका जिल्ह्याचे नाव येईल. तो जिल्हा अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशिम या पाचांपैकी असेल तर ‘वऱ्हाड’ असे छापा, नसेल तर ‘बाहेरचा’ असे छापा. वाशिमची शि ऱ्हस्व की दीर्घ यावर भांडण नको म्हणून पाचही नावे मी आदानाच्या फाइलीतूनच प्रश्नात उतरवली होती. एवढी काळजी घेतली होती!

तिने प्रोग्राम लिहिला, चालवला. उत्तर आले :

अपेक्षित : वऱ्हाड
मिळाले : वऱ्हाड
निकाल : चूक

मोबाइलच्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरे एरवीही जरा विस्कटलेलीच दिसतात, म्हणून तिने त्या दोन ओळी निरखून पाहिल्या नाहीत. तिने आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधली. ‘किंवा’ची अट बदलून पाहिली. जिल्ह्यांची नावे पुन्हा पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दिवशी माझ्याच नियमाप्रमाणे तालमीने तोच प्रश्न पुन्हा पुढे केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी व्हरांड्यात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘मले नाही जमत बाप्पा हे. आमचा मेंदू नाही त्याच्यातला.’’

मी तिची समजूत घातली, आणि तीही वरवरची. मनातून मलाही वाटले की असेल बुवा, प्रत्येकाला सगळे जमतेच असे नाही. ही गोष्ट लिहिताना आज लाज वाटते. पुढे पंधरा दिवसांनी, हिशेबाची फाइल सहज उघडली असता, तिच्या नावापुढे त्याच एका प्रश्नाच्या अकरा नोंदी दिसल्या. अकराही वेळा चूक. तिचा प्रोग्राम मागून घेतला आणि वाचला. त्यात चूक काढायला जागाच नव्हती.

चूक माझ्या तालमीत होती. दोन्ही ‘वऱ्हाड’ एका साध्या फाइलीत उतरवून मोठ्या अक्षरांत पाहिले. कान्यामात्रेचा फरक नाही. मग पायथॉनला विचारले की या शब्दाची लांबी किती. एकाची सहा, दुसऱ्याची सात! आपल्या हिशेबाने दोन्हींत अक्षरे तीनच : व, ऱ्हा, ड.

हे असे का होते ते थोडक्यात सांगतो, कारण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. १९९१ मध्ये युनिकोड नावाचा जागतिक तक्ता निघाला. त्यात देवनागरीला १२८ घरे दिली आहेत आणि ती भारतात १९८८ मध्ये ठरलेल्या संकेतावरून घेतलेली आहेत. त्यात नेहमीचा र ०९३० या घरात आहे आणि त्याच्या शेजारी, ०९३१ या घरात, खाली टिंब असलेला ऱ आहे. हा दुसरा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. पण त्याचा पाय मोडला की पडद्यावर आपला मराठी, पापणीसारखा आडवा अर्धा र उमटतो. वऱ्हाडातला, दुसऱ्यातला, ऱ्हासातला. त्याच पापणीकडे जाणारी दुसरी वाटही आहे : साधा र, पाय मोडण्याची खूण, आणि तिच्यापुढे एक अदृश्य जोडक. आणखी एक तिसरी वाट आहे, साध्या र खाली सुटे टिंब देण्याची. तिन्ही वाटांनी गेले तरी डोळ्यांना दिसते ते एकच. माझी अपेक्षित उत्तराची फाइल एका जुन्या मजकुरावरून उतरवलेली होती, तिच्यात अदृश्य जोडक होता. तिच्या मोबाइलच्या कळफलकाने ०९३१ दिला होता. आणि माझा न्यायाधीश खुणा मोजत बसला होता.

थोडक्यात, वऱ्हाडात बसून, वऱ्हाडातल्या मुलीने ‘वऱ्हाड’ हा शब्द बरोबर लिहिला, आणि वऱ्हाडातल्याच एका मुलाने लिहिलेल्या प्रोग्रामने तो अकरा वेळा चूक ठरवला.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. युनिकोडनेच ठरवून दिलेली प्रमाणीकरणाची एक रीत आहे, ती दोन्ही बाजूंच्या ओळींना लावली की सुट्या टिंबाची तिसरी वाट पहिलीला येऊन मिळते. अदृश्य जोडकाची वाट मात्र त्या रीतीने मिळत नाही. तिथे मला माझा वेगळा नियम लिहावा लागला, की पाय मोडलेल्या र पुढे जोडक दिसला तर त्या दोघांच्या जागी पाय मोडलेला ऱ समजावा. शिवाय निकाल चूक आला तर पहिला फरक नेमका कितव्या खुणेवर आहे आणि तिथे कोणती खूण अपेक्षित होती, हेही तालीम आता छापते.

आता माझे म्हणणे. परीक्षक निर्दोष असावा असा आग्रह मी धरत नाही. तो माणसाने लिहिलेला आहे, चुकणारच. माझा आग्रह एवढाच की तो उघडून पाहता आला पाहिजे. हाच प्रश्न दूरच्या एखाद्या न्यायाधीशाकडे असता, तर तिच्या अकरा नोंदी मला दिसल्या नसत्या, अपेक्षित उत्तराची फाइल वाचता आली नसती, आणि ‘आमचा मेंदू नाही त्याच्यातला’ हा तिचा निष्कर्ष तसाच कायम राहिला असता. स्पर्धेत प्रश्नांची उत्तरे झाकून ठेवावी लागतात, हे मला मान्य आहे. नाहीतर मुले उत्तरेच छापतील. पण सराव म्हणजे स्पर्धा नव्हे. तालमीतला वस्ताद पाडतो, पण कुठला पाय चुकीचा पडला तेही दाखवतो. नुसते ‘चूक’ म्हणून पाठ फिरवणाऱ्याला कोणी वस्ताद म्हणत नाही.

आणि हे मी फक्त यंत्रांबद्दल बोलत नाही, हे प्राध्यापक महोदयांनी ओळखले असेलच. तपासून आलेल्या पेपरावर नुसता लाल आकडा असतो तेव्हा आमची अवस्था दर्यापूरच्या त्या मुलीहून फार वेगळी नसते. क्षमा असावी, पण लिहायला बसलोच आहे तर हेही लिहून टाकतो.

मग काय, सगळेच माफ करायचे? नाही. हा प्रश्न सोडवताना माझी बरीच तारांबळ उडाली. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण लहानपणापासून उलटसुलट सारखे म्हणून ऐकतो. तालमीने ते चूक ठरवले, आणि या वेळी तालमीचे बरोबर होते : पहिली चि ऱ्हस्व आहे, शेवटची ची दीर्घ. ‘तो कवी डालडा विकतो’ याचेही तेच. कवीतला वी दीर्घ, विकतोतला वि ऱ्हस्व. कानाला हा फरक जाणवत नाही, लेखणीला जाणवतो. आणि तो पुसून चालणार नाही, कारण दिन आणि दीन यांत, सुत आणि सूत यांत तेवढाच फरक आहे. जोडकाचा फरक लिहिणाऱ्याने केलेलाच नसतो, तो कळफलकाने केलेला असतो. वेलांटीचा फरक लिहिणाऱ्याने केलेला असतो. पहिल्यासाठी माणसाला दोष देणे हा अन्याय. दुसऱ्यासाठी निदान त्याला सांगितले तरी पाहिजे.

वृत्ताच्या प्रश्नातही हाच शब्द पुन्हा आडवा आला. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते, हा नियम मी प्रोग्रामला शिकवला होता. पण मराठीत मागच्या अक्षरावर आघात येत नसेल तर ते लघूच राहते; ‘तुझ्या’तला तु, ‘दुसऱ्या’तला स, आणि अर्थात ‘वऱ्हाड’मधला व. आघात आला की नाही हे यंत्राला कसे कळावे? त्याला कान नाहीत. पापणीच्या र पुरता अपवाद मी लिहून दिला. ‘तुझ्या’साठी अजून सुचलेले नाही. व्याकरणाच्या तासाला या विषयावर आमच्या वर्गात झाली तेवढी चर्चा गेल्या तीन वर्षांत एकाही कवितेवर झाली नाही, असे माझे मत आहे. सरांचे वेगळे असू शकेल.

एक आक्षेप नेहमी येतो : आता यंत्राला सांगितले की तेच प्रोग्राम लिहून देते, मग सराव हवा कशाला? याचे उत्तर माझ्याच दोषात आहे. दोन ओळी ताडून पाहणाऱ्या त्या चार ओळी मी स्वतः लिहिल्या नव्हत्या. अशाच एका यंत्राकडून लिहून घेतल्या होत्या आणि न वाचता चिकटवल्या होत्या. त्या इंग्रजीसाठी अगदी बिनचूक होत्या. यंत्राने मला फसवले नाही. मी मराठीत काम करतो आहे हे मी त्याला सांगितलेच नव्हते, आणि मराठीत काम करताना काय विचारायला हवे हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे, ते तिच्या अकरा चुकांमुळे.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. लीळाचरित्र रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झाले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे हस्तलिखितांच्या नकला झाल्या, नकलांत पाठभेद शिरले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागे याच पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे केवढे तरी कष्ट आहेत. दोन पोथ्या शेजारी ठेवायच्या, फरक कुठे आहे ते शोधायचे, आणि तो फरक लेखनिकाच्या हाताचा की मजकुराच्या अर्थाचा ते ठरवायचे : माझी तालीम दुसरे काय करते? पहिला भाग यंत्र भराभर करील. दुसरा भाग, म्हणजे फरक कोणाचा हे ठरवणे, त्याच्या आवाक्यातला नाही. तो मराठी शिकलेल्या माणसाचाच आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथे जुन्या पोथ्या संगणकावर येतील तेव्हा पापणीच्या र ची ही तिहेरी वाट त्यांच्याही वाट्याला येईल. तेव्हा ती ओळखणारा कोणी शेजारच्या जिल्ह्यातला कला शाखेचा पोट्टा निघाला तर मामांना वाईट वाटायचे कारण नाही.

त्या वर्गभगिनीला मी सगळे सांगितले. दोन ओळी दाखवल्या, सहा आणि सात दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हंजे माहं पयल्याच दिवशी बरोबर होतं?’’ मी हो म्हणालो. ‘‘मंग थे अकरा खोडून टाक.’’ मी खोडल्या नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे ‘परीक्षकाची चूक’ असे लिहून ठेवले. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

ती आता स्वतः प्रश्न रचते. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे : वाक्य वऱ्हाडी बोलीत दिले असता त्यातल्या कोणत्या शब्दांत ळ चा य झाला आहे ते ओळखा, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. प्रश्न सोपा वाटला म्हणून मी हसलो. पण ‘काया’ हा शब्द शरीर या अर्थाने आला तर काय करायचे, असे तिने विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेले तीन आठवडे तालीम मला हा प्रश्न रोज पुन्हा देते आहे. माझ्या नावापुढे सध्या नऊ नोंदी आहेत.

सध्या तालमीत चौसष्ट प्रश्न आहेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या दोन संगणकांवर ती ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. पेन ड्राइव्ह आणणाऱ्यास ती फुकट मिळेल. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांनी एक-एक प्रश्न द्यावा अशी विनंती आहे. इतिहासाच्या सरांनी शकावरून इसवी सन काढण्याचा दिला आहे, अर्थशास्त्राच्या मॅडमनी कापसाच्या क्विंटलचा आणि मणाचा. प्रश्न साध्या कागदावर लिहून दिला तरी चालेल. कागद ग्रंथालयाच्या दारालगतच्या टेबलाच्या डाव्या खणात टाकावा. उजवा खण उघडत नाही.